ब्रॅम स्टोकर

एब्रहॅम ऊर्फ ब्रॅम स्टोकर (जन्म : डब्लिन, ८ नोव्हेंबर १८४७, मृत्यू : लंडन, २० एप्रिल १९१२) हे इंग्लिश भाषेत लिहिणारे आयरिश कादंबरीकार होते. १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रॅक्युला’ या भयकादंबरीचे लेखक म्हणून ते जगभर ओळखले जातात. मात्र हयातीत त्यांची ओळख प्रामुख्याने विख्यात नट हेन्री आयर्विंग यांचे व्यवस्थापक अशी होती. त्यांच्या निधनानंतर आलेल्या बहुतेक मृत्युलेखांतही आयर्विंग यांच्याशी असलेल्या त्यांच्या संबंधालाच अधिक जागा मिळाली. आज परिस्थिती उलटली आहे. आयर्विंग यांचे नाव नाट्येतिहासाच्या अभ्यासकांपुरते उरले असून काउंट ड्रॅक्युला हे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तरीही नाव ठाऊक असलेल्यांपैकी फार थोड्यांनी मूळ कादंबरी वाचलेली असते, आणि जे ती प्रथमच हाती घेतात त्यांना चित्रपटांतून परिचित झालेल्या कथेपेक्षा बरेच निराळे पुस्तक भेटते.

== बालपण आणि शिक्षण ==

स्टोकर यांचा जन्म डब्लिन शहराच्या उत्तरेकडील क्लॉन्टार्फ या किनारी भागात झाला. सात भावंडांमध्ये ते तिसरे. वडिलांचे नावही एब्रहॅमच होते. ते डब्लिन कॅसल या ब्रिटिश सत्तेच्या मुख्य कचेरीत नोकरीस होते. आई शार्लट या आयर्लंडच्या पश्चिमेकडील स्लायगो गावच्या. वयाच्या सुमारे सातव्या वर्षापर्यंत ब्रॅम अंथरुणाला खिळून होते. हा आजार कोणता होता याचे निदान कधीच झाले नाही आणि पुढे त्याचा मागमूसही उरला नाही.

या काळात आईने सांगितलेल्या गोष्टी त्यांच्या मनात खोल रुजल्या असाव्यात. १८३२ साली स्लायगोत पटकीची भयंकर साथ आली होती आणि शार्लट यांनी ती लहानपणी प्रत्यक्ष पाहिली होती. घरे ओस पडली होती, रस्ते अडवले गेले होते आणि पुरता प्राण जाण्यापूर्वीच माणसांना पुरले जात असल्याच्या वार्ता पसरल्या होत्या. मोठेपणी स्टोकर यांच्या विनंतीवरून आईने या आठवणी लिहूनही काढल्या. मेलेला माणूस खरोखर मेलेला आहे का, हा ‘ड्रॅक्युला’च्या मुळाशी असलेला प्रश्न या घरात पुस्तकातून आलेला नव्हता.

१८६४ मध्ये स्टोकर यांनी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश घेतला. एकेकाळी चालूही न शकणारा हा मुलगा तेथे धिप्पाड मल्ल आणि खेळाडू म्हणून गाजला. महाविद्यालयाच्या दोन्ही प्रमुख वादविवादसभांची सर्वोच्च पदे त्यांनी भूषविली. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन यांच्या कवितेचे ते कडवे पुरस्कर्ते होते. व्हिटमन यांना त्यांनी १८७२ साली एक अत्यंत मोकळे, आत्मनिवेदनपर पत्र लिहिले आणि ते चार वर्षे स्वतःजवळच ठेवून अखेर १८७६ मध्ये टपालात टाकले. पुढे अमेरिकेत दोघांची भेटही झाली.

== कारकून आणि नाट्यसमीक्षक ==

शिक्षणानंतर स्टोकर वडिलांप्रमाणेच डब्लिन कॅसलमध्ये नोकरीस लागले. ग्रामीण न्यायालयांतील कारकुनांच्या कामकाजाविषयी त्यांनी तयार केलेला मार्गदर्शक ग्रंथ १८७९ साली प्रसिद्ध झाला. नोंदी कशा ठेवाव्यात, कागद कोणत्या क्रमाने लावावेत, असा या पुस्तकाचा रूक्ष विषय आहे. चरित्रकार सहसा त्याचा उल्लेख गमतीने करतात. परंतु स्टोकर यांच्या सर्वांत प्रसिद्ध कादंबरीची घडण समजून घेताना हे कारकुनी पुस्तक विसरून चालणार नाही.

नोकरीबरोबरच ते ‘डब्लिन ईव्हनिंग मेल’ या वृत्तपत्रात विनामूल्य नाट्यपरीक्षणे लिहीत. या पत्राच्या मालकांमध्ये शेरिडन ल फान्यू हे होते. एका स्त्री-पिशाचाची कथा सांगणारी ‘कार्मिला’ ही ल फान्यू यांची लघुकादंबरी १८७२ साली ग्रंथरूपाने आली होती. स्टोकर यांच्यावर तिचा प्रभाव असल्याचे अभ्यासक मानतात.

डिसेंबर १८७६ मध्ये आयर्विंग डब्लिनमध्ये ‘हॅम्लेट’ करीत होते. स्टोकर यांनी लिहिलेले परीक्षण त्यांना आवडले व त्यांनी या तरुणाला भोजनास बोलावले. जेवणानंतर आयर्विंग यांनी टॉमस हुड यांची एका खुन्याच्या पश्चात्तापाची दीर्घ कविता अभिनयासह म्हणून दाखविली. ती ऐकताना स्टोकर यांचा स्वतःवरचा ताबा सुटला, हे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. येथून जुळलेला बंध आयर्विंग यांच्या मृत्यूपर्यंत टिकला.

== लायसियम थिएटर ==

१८७८ साली आयर्विंग यांनी लंडनचे लायसियम थिएटर चालविण्यास घेतले आणि स्टोकर यांना व्यवस्थापक म्हणून बोलावले. स्टोकर यांनी पेन्शनीची सरकारी नोकरी सोडली. त्याच डिसेंबरात त्यांनी फ्लॉरेन्स बाल्कम यांच्याशी विवाह केला आणि महिना संपण्यापूर्वी ते लंडनमध्ये नाट्यगृहाच्या उद्घाटनाच्या गडबडीत होते. फ्लॉरेन्स सौंदर्यासाठी प्रसिद्ध होत्या. त्यांचे आधीचे प्रणयाराधक होते ऑस्कर वाइल्ड. या दांपत्याला १८७९ च्या अखेरच्या दिवशी मुलगा झाला. त्याच्या नावात आयर्विंग हा शब्द होता. पुढे मुलाने तो टाकून दिला आणि नोएल हे नाव वापरले.

लायसियममध्ये स्टोकर यांनी सत्तावीस वर्षे काढली. तिकीटविक्री, हिशेब, नोकरवर्ग, पाहुण्यांचे स्वागत, अमेरिकेचे आठ दौरे आणि आयर्विंग यांचा संपूर्ण पत्रव्यवहार त्यांच्याकडे होता. आपण आयर्विंग यांच्या नावे सुमारे पाच लाख पत्रे लिहिली, असा त्यांचा स्वतःचा अंदाज होता. आकड्यात अतिशयोक्ती असली, तरी दिवसभर दुसऱ्याच्या वतीने लिहिणारा हा माणूस स्वतःचे लेखन रात्री आणि सुट्टीत करीत होता, हे खरे. त्यातही वेळ काढून त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १८९० मध्ये बॅरिस्टर झाले. वकिली मात्र केली नाही.

१८८२ साली थेम्स नदीतून बोटीने जात असताना एका प्रवाशाने आत्महत्येसाठी पाण्यात उडी घेतली. स्टोकर यांनी कोट काढून त्याच्यामागे उडी मारली आणि त्याला वर काढले. बेशुद्ध माणसाला त्यांनी स्वतःच्या घरी नेले, परंतु तो वाचला नाही. या धाडसाबद्दल त्यांना रॉयल ह्यूमेन सोसायटीचे कांस्यपदक मिळाले.

आयर्विंग यांच्या वर्तुळात स्टोकर यांचा परिचय प्रवासी आणि भाषांतरकार रिचर्ड बर्टन यांच्याशी झाला. तरुणपणी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात असताना बर्टन यांनी मराठीसह अनेक भाषांच्या परीक्षा दिल्या होत्या, आणि मराठी वाचकांना सुपरिचित असलेल्या वेताळपंचविशीतील निवडक कथांचे त्यांनी केलेले इंग्लिश रूपांतर १८७० मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्याच्या शीर्षकात बर्टन यांनी वेताळासाठी रक्तपिपासू पिशाचाचा युरोपीय शब्दच योजला. बोलताना ओठ वर जाऊन दिसणारा बर्टन यांचा सुळा स्टोकर यांना इतका लक्षणीय वाटला, की आयर्विंग यांच्या आठवणींत त्यांनी त्याचे वर्णन केले आहे. यावरून काउंटचे दात बर्टन यांच्याकडून आले, असे ठामपणे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण संदर्भ मनोरंजक आहे.

== ‘ड्रॅक्युला’ची जुळवाजुळव ==

कादंबरीची पहिली टिपणे मार्च १८९० मधील आहेत. त्या उन्हाळ्यात स्टोकर कुटुंबासह यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील व्हिटबी या गावी राहिले. तेथील ग्रंथालयात त्यांना विल्यम विल्किन्सन यांचे वालेकिया आणि मोल्डेविया या प्रांतांविषयीचे १८२० सालचे पुस्तक मिळाले. त्यातील एका तळटीपेतून त्यांनी ड्रॅक्युला हे नाव उतरवून घेतले. तोपर्यंत त्यांच्या खलनायकाचे नाव काउंट वॅम्पायर, म्हणजे जणू काउंट पिशाच, असे बाळबोध होते आणि कथा ऑस्ट्रियातील स्टिरिया प्रांतात घडणार होती. व्हिटबीच्या किनाऱ्यावर १८८५ साली ‘दिमित्री’ नावाचे रशियन जहाज फुटले होते. कादंबरीत ते ‘डिमीटर’ झाले.

व्हालाद तिसरा, म्हणजेच शत्रूंना सुळी देणारा पंधराव्या शतकातील सरदार, हाच ड्रॅक्युला अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. स्टोकर यांच्या टिपणांतून तिला पुष्टी मिळत नाही. त्यांनी नाव घेतले आणि तुर्कांशी झालेल्या लढायांचे काही तुटक संदर्भ घेतले. व्हालादच्या क्रौर्याच्या कथा तेथे नाहीत. ही समजूत लोकप्रिय झाली ती मुख्यतः १९७२ मध्ये निघालेल्या एका अभ्यासग्रंथामुळे. त्याचप्रमाणे स्टोकर ट्रान्सिल्व्हेनियास कधीही गेले नव्हते. तेथील डोंगर, सराया आणि अंधश्रद्धा त्यांनी नकाशे, प्रवासवर्णने आणि एमिली जेरार्ड यांच्या लेखनातून उभ्या केल्या. रोमेनियातील ब्रान किल्ला पर्यटकांना ड्रॅक्युलाचा वाडा म्हणून दाखविला जातो, त्यालाही कादंबरीत आधार नाही.

सुमारे सात वर्षे हे काम चालले. काही भाग स्कॉटलंडमधील क्रूडन बे या मासेमारीच्या गावी लिहिला गेला. हस्तलिखिताचे नाव ‘न मेलेला’ अशा अर्थाचे होते. ते अगदी अखेरीस बदलले. २६ मे १८९७ रोजी आर्किबाल्ड कॉन्स्टेबल यांनी पिवळ्या कापडी बांधणीत, तांबड्या अक्षरांत, सहा शिलिंग किमतीला पुस्तक प्रकाशित केले. त्याच्या आठ दिवस आधी नाट्यरूपांतराचे हक्क राखण्यासाठी लायसियमच्या रंगमंचावर कादंबरीचे घाईघाईने जुळविलेले वाचन झाले होते. आयर्विंग यांनी त्यात भाग घेतला नाही. त्यांनी ते एकाच शब्दात नापसंत केले अशी आख्यायिका आहे. काउंटची भूमिका त्यांनी करावी ही लेखकाची इच्छा असल्याचे अनेकांनी म्हटले आहे. ती कधी पूर्ण झाली नाही.

== कादंबरी प्रथमच वाचताना ==

चित्रपट पाहून कादंबरीकडे येणाऱ्या वाचकाला पहिला धक्का बसतो तो मांडणीचा. पुस्तकात एक निवेदक नाही. सत्तावीस प्रकरणे रोजनिशी, पत्रे, तारा, वृत्तपत्रांतील कात्रणे, जहाजाची दैनंदिनी आणि फोनोग्राफवर ध्वनिमुद्रित केलेल्या नोंदी यांनी बनलेली आहेत. जोनथन हार्कर हा तरुण वकील लंडनजवळच्या एका घराच्या खरेदीचे कागद घेऊन ट्रान्सिल्व्हेनियाला जातो, इथून सुरुवात होते. म्हणजे कथेचा आरंभच एका खरेदीखताने होतो. हार्करची वाग्दत्त वधू मीना ही शिक्षिका असून लघुलेखन व टंकलेखन शिकते. पुढे सर्वांच्या नोंदी ती तारखेनुसार लावून टंकलिखित करते, आणि या फाइलमुळेच काउंटच्या हालचालींचा उलगडा होतो. शत्रू काय करतो आहे हे कोणा एकालाच ठाऊक नसते. कागद एकत्र आल्यावर ते कळते. काउंटलाही याची जाणीव होते. तो घरात शिरून मूळ कागद आणि फोनोग्राफच्या नळ्या जाळून टाकतो. पण एक प्रत तिजोरीत सुरक्षित राहिलेली असते. कारकुनांसाठी पुस्तक लिहिणाऱ्या लेखकालाच हा प्रसंग सुचावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

दुसरी गोष्ट काउंटच्या अनुपस्थितीची. पहिली चार प्रकरणे वगळली तर तो फार थोडा वेळ समोर येतो. सर्वजण लिहितात, त्याची मात्र रोजनिशी नाही. तो दिसतो तो इतरांच्या नोंदींतून: खिडकीवरचे वटवाघूळ, धुके, बंदरात उतरलेला मोठा कुत्रा, मातीने भरलेली पन्नास खोकी. वाचकाला धोका कळलेला असतो आणि पात्रांना कळलेला नसतो, हा कादंबरीच्या पूर्वार्धातील ताणाचा पाया आहे. लूसी हळूहळू फिकी पडत जाते, तिचे रक्त भरले जाते, पुन्हा फिकी पडते. दारे-खिडक्या लावण्यात दर वेळी कोणाची तरी साधी चूक होते. ही प्रकरणे आजही परिणामकारक वाटतात.

कादंबरीतला ड्रॅक्युला आरंभी पांढऱ्या मिशांचा म्हातारा असतो व रक्त मिळेल तसा तरुण होत जातो. उन्हात तो जळून जात नाही. दिवसा त्याच्या शक्ती मर्यादित होतात, एवढेच. सूर्यप्रकाशाने नष्ट होणारे पिशाच ही नंतरच्या मूकपटाची भर आहे. उंच कॉलरचा झगा आणि सायंकालीन पोशाख रंगभूमीवरून आला. हार्करच्या कमरेला असलेले हत्यार मात्र भारतीय वाचकाच्या ओळखीचे आहे: गोरख्यांची कुकरी.

दोष लपविण्यासारखे नाहीत. डच प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग यांची मोडकीतोडकी इंग्लिश आणि लांब भाषणे कंटाळा आणतात. व्हिटबीतील म्हाताऱ्या खलाशाची यॉर्कशरची बोली इंग्लिश वाचकालाही अडते, मग इतरांची काय कथा. तेथे अडखळून पुस्तक मिटू नये, दोन-चार पानांत ते संपते. उत्तरार्धात पाठलाग लांबतो. पूर्व युरोपीय, रोमा आणि ज्यू लोकांविषयीचे त्या काळातील पूर्वग्रहही पानोपानी दिसतात. मीनाच्या बुद्धीची स्तुती करीत तिला मसलतींपासून दूर ठेवणारे पुरुष आणि त्या निर्णयाची त्यांना मोजावी लागणारी किंमत याकडे अलीकडच्या समीक्षकांनी विशेष लक्ष वेधले आहे. लेखकाला हा उपरोध अभिप्रेत होता की नकळत उतरला, यावर एकमत नाही.

== अन्य कादंबऱ्या ==

स्टोकर यांनी एकूण बारा कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतील भयकथा थोड्याच आहेत. १८९० ची ‘द स्नेक्स पास’ पश्चिम आयर्लंडच्या दलदलीत घडते आणि त्यांच्या कादंबऱ्यांपैकी तेवढीच पूर्णतः मायदेशीची आहे. ‘द मिस्टरी ऑफ द सी’ (१९०२) मध्ये क्रूडन बेचा किनारा आहे. ‘ड्रॅक्युला’नंतर वाचावी अशी कादंबरी म्हणजे ‘द ज्वेल ऑफ सेव्हन स्टार्स’ (१९०३). इजिप्तमधील एका राणीचे शव लंडनच्या घरात आणून तिला पुन्हा जिवंत करण्याचा प्रयोग हा तिचा विषय. मूळ आवृत्तीचा शेवट इतका काळाकुट्ट होता की १९१२ च्या आवृत्तीत तो बदलून सुखान्त करण्यात आला. नव्या वाचकाने १९०३ ची संहिता आहे याची खात्री करूनच पुस्तक घ्यावे.

‘द लेअर ऑफ द व्हाइट वर्म’ (१९११) ही अखेरची कादंबरी विस्कळित असून तिच्यातील आफ्रिकी पात्राचे चित्रण आज वाचवत नाही. ती लिहिताना लेखकाची प्रकृती ढासळलेली होती. लघुकथांमध्ये ‘द जजेस हाउस’ ही, एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी भाड्याने घेतलेल्या घराची कथा, सर्वांत सफाईदार आहे. ज्यांना ‘ड्रॅक्युला’च्या आकाराचे भय वाटते, त्यांनी तिच्यापासून आरंभ करायला हरकत नाही.

== अखेरची वर्षे ==

१८९८ मध्ये लायसियमच्या गुदामाला आग लागून अनेक वर्षांचे नेपथ्य जळाले आणि नाट्यगृहाची उतरती कळा सुरू झाली. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी ब्रॅडफर्ड येथील प्रयोगानंतर आयर्विंग यांचे निधन झाले. पुढे लवकरच स्टोकर यांना पक्षाघाताचा झटका आला. तशाही स्थितीत त्यांनी आयर्विंग यांच्या आठवणींचे दोन खंड १९०६ मध्ये पूर्ण केले. या ग्रंथात स्वतःच्या कादंबऱ्यांबद्दल त्यांनी जवळजवळ मौन पाळले आहे. १९०८ साली त्यांनी कादंबऱ्यांवर नियंत्रण असावे असे प्रतिपादन करणारा लेख लिहिला. ‘ड्रॅक्युला’तील काही दृश्ये आठवली की तो वाचताना नवल वाटते.

उत्पन्न आटले होते. १९११ मध्ये त्यांना गरजू लेखकांना मदत करणाऱ्या रॉयल लिटररी फंडाकडे अर्ज करावा लागला. २० एप्रिल १९१२ रोजी लंडनमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. टायटॅनिक बुडून पाचच दिवस झाले होते आणि वृत्तपत्रे त्याच बातम्यांनी भरलेली होती. त्यांच्या अस्थी लंडनच्या गोल्डर्स ग्रीन येथे आहेत. पुढील वर्षी त्यांची पुस्तके व कागदपत्रे लिलावात निघाली. ‘ड्रॅक्युला’च्या टिपणांना दोन पौंडांच्या आसपास किंमत आली. ती आज फिलाडेल्फियाच्या रोझेनबाक संग्रहालयात आहेत.

== मृत्यूनंतर ==

फ्लॉरेन्स यांनी १९१४ मध्ये ‘ड्रॅक्युलाज गेस्ट’ हा कथासंग्रह काढला. १९२२ साली जर्मनीत एफ. डब्ल्यू. मुर्नाउ यांचा ‘नोस्फेराटू’ हा मूकपट आला. त्यात नावे बदललेली होती, कथा मात्र स्टोकर यांचीच आणि तीही परवानगीवाचून घेतलेली. कादंबरीवर मिळणाऱ्या उत्पन्नाचा आधार असलेल्या या विधवेने लेखकांच्या संघटनेमार्फत दावा लावला. निर्माती कंपनी दिवाळखोर निघाल्याने पैसे मिळाले नाहीत; १९२५ मध्ये न्यायालयाने चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. काही प्रती तरीही वाचल्या आणि आज तो जागतिक चित्रपटसृष्टीचा ठेवा मानला जातो. फ्लॉरेन्स यांची बाजू न्यायाची होती आणि त्या पूर्ण यशस्वी झाल्या असत्या तर एक श्रेष्ठ कलाकृती नाहीशी झाली असती, ही दोन्ही विधाने खरी आहेत.

हॅमिल्टन डीन यांचे अधिकृत नाट्यरूपांतर १९२४ मध्ये आले, १९२७ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले, आणि तेथे काउंट झालेले बेला लुगोसी १९३१ च्या युनिव्हर्सल कंपनीच्या चित्रपटामुळे घरोघरी पोहोचले. अमेरिकेतील कायदेशीर पूर्तता वेळेवर न झाल्याने तेथे कादंबरीचे स्वामित्व टिकले नव्हते, हेही या सुमारास उघड झाले. स्टोकर यांचे पहिले चरित्र निघण्यास १९६२ साल उजाडावे लागले. विद्यापीठांनी तर त्यानंतरच त्यांची दखल घेतली.

मराठीत हा प्रवाह आडवाटेने पोहोचला. अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांनी ड्रॅक्युला आपल्या काळातील एखाद्या लहान गावात आला तर काय होईल, या कल्पनेवर ‘सेलम्स लॉट’ ही कादंबरी १९७५ मध्ये लिहिली. नारायण धारप यांची ‘लुचाई’ तिच्यावर बेतलेली आहे. ‘लुचाई’ वाचून रात्री दिवा न मालवलेल्या मराठी वाचकांपैकी अनेकांना आपण स्टोकर यांच्याच काउंटला घाबरलो, याची कल्पना नसावी.

२०२३ मध्ये डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे चाळताना एका स्टोकरप्रेमी वाचकाला ‘गिबेट हिल’ ही त्यांची विस्मरणात गेलेली कथा सापडली. ती १८९० च्या नाताळ पुरवणीत छापली गेली होती, म्हणजे ज्या वर्षी व्हिटबीत ड्रॅक्युलाचे नाव मिळाले त्याच वर्षी.